साऱ्या शिवाराची पाखरं

सई आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर सईने विचारले होते की माणसे आणि निसर्ग यांचा एकमेकांशी कसा संबंध असतो, याचे एखादे उदाहरण आजीने सांगावे. शाळेत द्यायचे आहे. मी जंगलतोड, पाणी, हवा असे काहीतरी बोलले. फोन ठेवल्यावर वाटले, हे तर तुमच्या पुस्तकातही असेल. मला जे उदाहरण द्यायचे होते ते एका बाईचे होते, आणि ती बाई फोनवर मावली नसती. तिचे नाव कौसल्या, सारे गाव तिला कौशीमाय म्हणे. गेल्या पोळ्याच्या आधी ती वारली. तिच्यासंबंधी लिहून ठेवील असे तिच्या घरी कोणी नाही, म्हणून हे आताच लिहिते. तिचे बोलणे मी तिच्या वऱ्हाडी बोलीतच ठेवले आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. लहानपणी ते तसेच बोलत आणि मी त्यांना रागवत असे.

आधी जागा सांगते, मग माणूस, आणि मग घडले ते.

तुमचे आजोबा गुरांचे सरकारी डॉक्टर होते. त्यांची फुलसावंगीला बदली झाली तेव्हा विनू, म्हणजे तुमचे बाबा, पाळण्यात होता. पुढे आजोबांच्या बदल्या होत राहिल्या, पण मला तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे काम मिळाले होते म्हणून घर आम्ही हलवले नाही. आमच्या आणि कौशीमायच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून भाजी, ताक, बातम्या आणि टोमणे यांची ये-जा चाले. मी तिला माय म्हणे आणि ती मला मास्तरीणबाई. तिचे यजमान लवकर गेले होते. मोहन हा एकुलता मुलगा. गावाबाहेर नाल्याच्या काठी त्यांचे वावर होते. वावर म्हणजे शेत. त्यात सगळ्यांसारखीच कपाशी, सोयाबीन, तूर असे, आणि नाल्याच्या बाजूला पट्टाभर ज्वारी.

कौशीमाय उंच, हाडापेराने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. हा आवाज तिने पाखरे हाकून कमावला होता. ज्वारीचे कणीस भरायला लागले की चार खांबांवर बांधलेल्या माळ्यावर चढायचे, गोफण फिरवायची आणि हाकारे द्यायचे, हे काम तिने परकर नेसायच्या वयापासून केले होते. त्यामुळे घरातही ती हळू बोलू शकत नसे. सुनेच्या तक्रारी ती मला भिंतीपलीकडून हळूच सांगायला लागली की त्या आधी सुनेलाच ऐकू जात, आणि सून आतून उत्तर देई. दोघींचे त्यात काही बिघडत नसे.

तुम्ही तिला निसर्गप्रेमी समजाल म्हणून आताच सांगून ठेवते. ती तशी नव्हती. वावराच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, चांगले वाढलेले बाभळीचे झाड तिने सावली पडते म्हणून तोडायला लावले. कपाशीवर इतरांइतकीच फवारणी केली. रानडुकरांविषयी ती जे बोलायची ते मी इथे लिहू शकत नाही. पाखरांची दया येते का, असे मी एकदा विचारले होते.

"मले कायची दया? मले भाकर पाह्यजे," ती म्हणाली. "जवारी राह्यली तं भाकर राह्यली. पाखरं तिच्यासंगं येतेतच. लग्न केलं तं सासू येतेच नं?"

पोळी ती पाहुण्यांसाठी करी आणि त्यांच्याबरोबर बसून स्वतः भाकर खाई. गव्हाने पोट भरल्यासारखे वाटते, भरत नाही, असे तिचे मत होते आणि आजोबांनी कितीही समजावले तरी ते बदलले नाही.

पाखरांना तिने नातीगोती लावली होती. पोपट म्हणजे जावई, कारण ते एक दाणा चाखतात, दहा खाली पाडतात आणि वर ओरडतात. चिमण्या म्हणजे माहेरवाशिणी. थोडे खातात, गोड बोलतात, त्यांना उठवायला जीव होत नाही. सगळ्यात राग भोरड्यांवर. ही पाखरे हिवाळ्याच्या तोंडाशी थव्याने येतात, आणि थवा उतरला की शेताचा तो भाग काळा दिसतो. एकदा तिने मला त्यांचे इंग्रजी नाव विचारले. मी शाळेतल्या पुस्तकात पाहून सांगितले, रोझी स्टार्लिंग, म्हणजे गुलाबी मैना.

"गुलाबी?" ती म्हणाली. "तुमच्या इंग्रजाचं वावर नसंल."

मी पुढे सांगितले की ती फार दूरच्या थंड देशांतून येतात आणि उन्हाळ्याच्या आधी परत जातात. कौशीमायने लगेच नाते लावले.

"म्हंजे तुमच्या विनूवानी. तिकडं ऱ्हायाचं, न हिवाळ्यात खाले इकडं याचं."

विनू त्या वर्षी नुकताच परदेशी गेला होता. मी हसले, पण आत जाऊन थोडा वेळ बसले. दुपारी तिने भिंतीवरून भरल्या वांग्याची भाजी दिली, न विचारता. त्यावरून काय समजायचे ते मी समजले.

आता घडले ते.

आम्ही गावात गेलो तेव्हा प्रत्येकाच्या वावरात ज्वारी होती. दाणा माणसांना आणि उरलेली धांडे, म्हणजे कडबा, बैलांना. मग सोयाबीन आले. ते लवकर निघते, महागावच्या बाजारात हातोहात जाते, आणि त्याला पाखरे लागत नाहीत. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. एकेकाने ज्वारी सोडली. कोणी कोणाला विचारून सोडली नाही आणि यात कोणाचा दोषही नव्हता. पण व्हायचे ते असे झाले की दर वर्षी ज्वारीचे एखादे वावर कमी होई आणि उरलेल्यांवर पाखरे जास्त येत. ती आली म्हणून आणखी एक जण सोडी. शेवटी त्या शिवारात, म्हणजे गावाच्या त्या बाजूच्या सगळ्या शेतांत, ज्वारी एकट्या कौशीमायची राहिली.

लोक म्हणत, पाखरे फार वाढली. कौशीमाय ते मानत नसे.

"पाखरं तेवढीच हाय, मास्तरीणबाई. जेवू घालनारं घर एकच राह्यलं."

हे तिला कळत होते, तरी पुढची चूक तिनेच केली. पुसदच्या बाजारातून तिने लवकर येणारे ज्वारीचे बियाणे आणवले. हिशेब सरळ होता. भोरड्या यायच्या आत आपले पीक कापून घरात. घरचे गावरान बियाणे तिने त्या वर्षी मडक्यातच ठेवले. मोहन म्हणाला, "आई, नवं बियानं थोडक्यात पेरून पाहू." ती म्हणाली, "थोडक्यात पेरलं तं थोडक्यातच खाशीन."

ज्वारी लवकर आली, सांगितले होते तशीच. दसऱ्याच्या आधी कणसे भरली, त्या वेळी आजूबाजूला खाण्याजोगा दाणा कुठेच नव्हता. चिमण्या, पोपट, सुगरणी, कावळे, नाल्याकाठच्या झाडांवर राहणारे आणि लांबून येणारे, सगळे तिच्याच वावरात. भोरड्यांची वाट पाहायची गरजच पडली नाही.

मोहनने कर्णा आणला. हल्ली रानडुकरांसाठी मिळतो तो, बॅटरीवर चालणारा. त्यात आवाज भरून ठेवता येतो. त्याने मोबाइलवर आईचे हाकारे भरले आणि कर्णा माळ्याच्या खांबाला बांधला. आता कौशीमाय घरी बसून भाजी निवडी आणि तिचा आवाज वावरात ओरडे. शेजारच्या वावरात देवराव होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. तो दिवसभर उत्तर देत राहिला. "काय म्हन्तं माय?" कर्णा पुन्हा ओरडे. "ऐकू येऊन राह्यलं, सांग नं!" कर्णा पुन्हा ओरडे. संध्याकाळी तो तणतणत तिच्या अंगणात आला.

"माय, एवढा कायचा राग हाय वो? मी बोलून राह्यलो, बोलून राह्यलो, न तू नुस्ती बोंबलून राह्यली!"

कौशीमाय सुपातली मेथी खाली ठेवून हसत सुटली. आमच्या घरात आजोबाही हसले. पण चार-सहा दिवसांत पाखरांना कर्णा कळला. पोपट त्याच्यावरच बसायला लागले. हे तिने स्वतः पाहिले तेव्हा ती हसली नाही. "माह्याच आवाजावर बसून खाऊन राह्यले," एवढेच म्हणाली. कापणी झाली तेव्हा कणसे हलकी होती, नुसता भुसा. घरात भाकरीपुरतीही ज्वारी आली नाही.

मोहन चांगला मुलगा आहे. तो चिडला नाही. जेवताना त्याने सांगितले, "आई, बस झालं आता. पुढच्या साली नाल्याकडं बी सोयाबीन टाकू." मी त्या वेळी दही मागायला गेले होते, उंबऱ्यात उभी होते.

"न बियानं?" तिने विचारले.

"कायचं बियानं?"

"मडक्यातलं. दोन साल नाई पेरलं तं ते उगवन का? माह्या सासूनं देल्लं हाय ते."

बियाणे दर वर्षी पेरावे लागते, नाही तर मरते, हे मोहनलाही ठाऊक होते. मग, ज्या स्वरात तिने कोणाकडे कधी काही मागितले नव्हते त्या स्वरात, म्हणजे अगदी हळू, ती म्हणाली, "एक साल दे मले."

"एक साल," मोहन म्हणाला. "पुन्हा असंच झालं तं मी नाई पेरनार. न तू बी म्हनशीन नाई."

"नाई म्हननार."

त्या हिवाळ्यात ज्वारीची भाकर नव्हती, विकत घ्यायला ती तयार नव्हती, पोळ्या खाऊन पोट बिघडले असे सांगत होती. पण तिच्याकडे एक गोष्ट भरपूर होती. पाखरे दाणा खातात, धांडे खात नाहीत. अंगणात कडब्याची गंजी छपराएवढी उंच रचलेली होती. बाकीच्यांच्या घरात सोयाबीनचे पैसे आले होते आणि बैलांपुढे सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, होते. नुसत्या कुटारावर बैल भागत नाही, हे आजोबा गावाला कित्येकदा सांगत. उन्हाळा लागला तसे कडब्याला लोक यायला लागले. पहिला आला देवराव. त्याने अजून बैलजोडी ठेवली होती, आणि एक म्हैस.

मी भिंतीशी वाळवण उचलत होते. आमच्यात आडपडदा नव्हता, म्हणून मी तिथेच राहिले.

"माय, दोन-तीन गाड्या कडबा पाह्यजे होता."

"घेऊन जाय नं. मी कायले अडवू?"

"भाव काय?"

"भाव नाई. पाच-सात तास जवारी पेर माह्या धुऱ्याले लागून. बियानं मी देतो."

तास म्हणजे शेतातली ओळ. वऱ्हाडात पुष्कळ बायका 'मी देते'ऐवजी 'मी देतो' म्हणतात, सई, ती चूक समजू नकोस.

देवराव हसायला लागला. "म्हंजे तुही पाखरं माह्या वावरात धाडतं का?"

"माही पाखरं? माही कवा झाली? तू लहान होता तवा तुह्या बापाच्या वावरात खात नोती का? तवा कोनाची होती?"

"तवाची गोष्ट येगळी होती."

"येगळी काय होती? तवा सारे पेरत होते, थोडं थोडं सारेच खाऊ घालत होते. आता तुमी सारे उठून गेले न मी एकली वाढून राह्यली. जाय, पैसे देऊन घ्याचा असंल तं दुसऱ्या गावातून आन."

दुसऱ्या गावांतही कडबा नव्हता, हे दोघांना माहीत होते. देवराव आमच्याकडे वळला. "डाक्तरसाहेब, तुमी सांगा नं मायले." आजोबा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "देवराव, तुझ्या बैलाला विचारले तर तो मायचीच बाजू घेईल." देवराव निघून गेला. दोन दिवसांनी गाडी घेऊन आला.

असे करून नाल्याकाठच्या पाच घरांनी पेरायचे कबूल केले. तिची अट एकच होती. सगळ्यांनी एकच बियाणे, तिच्या मडक्यातले, आणि एकाच आठवड्यात पेरायचे, म्हणजे सगळ्यांची ज्वारी बरोबर भरेल आणि पाखरे वाटली जातील. आदल्या वर्षीच्या चुकीवरून तिला हे सुचले की आधीपासून ठाऊक होते, ते मी विचारले नाही.

चौघांनी अट पाळली. देवरावने पाळली नाही. त्याने आधी कपाशी लावून घेतली, मग मेहुण्याकडे लग्नाला गेला, आणि ज्वारी पेरली ती सगळ्यांच्या नंतर. हिवाळ्यात भोरड्या आल्या तेव्हा बाकीची वावरे पिकली होती. थवा एका वावरातून उठे तो दुसऱ्यात बसे, तिथून तिसऱ्यात. पाखरे खात होतीच, पण कोणाचेच सगळे खात नव्हती. प्रत्येक घरात ज्वारी आली, कोणाकडे कमी, कोणाकडे बरी. कौशीमायकडे वर्षभराच्या भाकरीपुरती आली. मोहनने पोती स्वतः आत नेली आणि सोयाबीनचे नाव काढले नाही.

पण सगळ्यांची कापणी झाल्यावर देवरावची ज्वारी एकटी उभी राहिली, आणि सारी पाखरे तिच्यावर. लोकांना वाटले, आता माय त्याला बोल लावणार. ती पहाटे भाकर बांधून त्याच्या वावरात जाऊन बसली. दुपारी मोहनला बसवले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांतून एकेक माणूस मागवला. जो कुरकुरला त्याला म्हणाली, "त्याची गेली तं पुढच्या साली तो पेरनार नाई. मंग त्याच्या वाट्याचं तुह्या वावरातून जाईन." देवराव स्वतः ओशाळून धुऱ्यावर उभा होता.

"माय, माहाच उशीर झाला."

"झाला तं झाला. गोफन धर आता. तोंड नको पाडू, पाखरं तोंडाले नाई भेत."

त्याचीही थोडी वाचली. पुढच्या वर्षी त्याने सगळ्यांच्या आधी बियाणे मागितले. ते तिने दिले नाही. सगळ्यांबरोबरच दिले.

नंतर आम्ही पुसदला राहायला आलो. माझे गुडघे आणि आजोबांचे दवाखाने यांमुळे. आजोबा गेले तेव्हा कौशीमाय एस.टी.ने आली आणि तेरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात राहिली. त्या दिवसांतही तिला हळू बोलता आले नाही, आणि घरात आवाज आहे याचे मला बरे वाटले.

मी तिला शेवटचे पाहिले ते मोहनच्या मुलीच्या लग्नात, दोन हिवाळ्यांपूर्वी. तिचा आवाज गेला होता. घशाचे काही होते. डॉक्टरांनी सांगितले होते, पण ते काय ते तिने कोणाला विचारू दिले नाही. बोलणे कुजबुजीसारखे येई. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "चाला, वावर पाहू." मोहनने मोटारीने सोडले. धुऱ्यावर तिच्यासाठी बाज टाकलेली होती. आम्ही दोघी बसलो. ज्वारी पिकलेली होती, डोक्याहून उंच, आणि उन्हात पांढरी दिसत होती.

थोड्या वेळाने भोरड्यांचा थवा आला आणि आमच्या समोरच उतरला. मी सवयीने तिच्याकडे पाहिले. ती ओरडू शकत नव्हती, आणि मला ओरडता येत नाही. आम्ही दोघी नुसत्या पाहत बसलो आणि पाखरे खात राहिली. मी म्हटले, "माय, मी टाळ्या वाजवू का?"

तिने मान हलवली. "खाऊ द्या थोडं. आपल्या वाट्याचं हाय."

मग थवा आपणहून उठला आणि देवरावच्या वावरात पडला. तिथून देवरावचा हाकारा आला. थवा पुढच्या वावरात गेला. तिथून कोणी बाई ओरडली. तो आणखी पुढे गेला. कौशीमाय डोळ्यांवर हात धरून तो नाल्याच्या वळणापर्यंत जाताना पाहत होती.

"फिरून राह्यले," ती म्हणाली. मग पदर सावरून उठली. "निंगा आता, मास्तरीणबाई. घरी पाव्हने हायेत."

मला बाजेवरून उठायला वेळ लागला. तोवर ती धुऱ्यावरून बरीच पुढे गेली होती, मोठाली पावले टाकत, पिकलेल्या ज्वारीकडे पाठ करून.

काल मी मोहनला फोन केला होता, हे लिहिण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून. नाल्याकाठी यंदाही ज्वारी आहे. मोहनची आहे, देवरावची आहे आणि आणखी चार घरांची आहे. पेरणी सगळ्यांनी एकाच आठवड्यात केली.

तुमची आजी